टॉवेल आणि टेलिफोन

सातारा, तासगाव आणि लोणंद ही तीन गावं घरबसल्या एकाच वेळी एकमेकांशी बोलू शकतात, हे मला एका गुळगुळीत रंगीत पत्रकानं सांगितलं. पत्रक घेऊन आलेल्या तरुणाचं नाव यशराज. गळ्यात टाय, पायात चपला आणि कार्डावर 'कम्युनिकेशन कन्सल्टंट'. मे महिन्याच्या उन्हात टाय बांधून आमच्या घराची चढण चढून आलेल्या माणसाला पाणी न विचारता परत पाठवणं माझ्या स्वभावात नाही. मी पाणी दिलं, तो बसला, आणि गणपती येईपर्यंत काही उठला नाही असं म्हटलं तरी चालेल.

यशराजचं म्हणणं साधं होतं. सन सत्त्याण्णव चालू आहे. बैठकीसाठी एस.टी.नं हिंडायचे दिवस गेले. परदेशात लोक आपापल्या खुर्चीत बसून बैठका घेतात. एक जण जेवत असतो, दुसरा झोपायच्या तयारीत असतो, तरी बैठक होते. मी त्याला म्हणालो, बाबा रे, मी सरकारी कचेरीत बावीस वर्षं काढली आहेत. एक जण जेवतोय आणि दुसरा झोपायच्या तयारीत आहे, अशा बैठका मी एकाच खोलीत पाहिल्या आहेत. तो हसला. पण पत्रक ठेवून गेला.

आता आमच्या कंपनीला अशा बैठकीची गरज का पडावी, ते सांगतो. 'मैत्री ड्रायफ्रूट्स' म्हणजे एकूण तीन माणसं. तासगावचे हंबीरराव लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. द्राक्षबाग त्यांची आणि बेदाणा सुकवायची शेडही त्यांचीच. लोणंदचे लालासाहेब माल निवडून, खोक्यांत भरून, गाडीला लावून द्यायचे. आणि मी, महेंद्र खरात, साताऱ्यात बसून इंग्रजी पत्रं लिहायचो आणि टेलिफोन उचलायचो. कागदोपत्री तिघं सारखे भागीदार. नागपूरच्या व्यापाऱ्यानं टेलिफोनवर भाव विचारला की मी 'भागीदारांशी बोलून कळवतो' म्हणायचो. मग एक तासगावाहून एस.टी.नं निघायचा, एक लोणंदहून, आणि दोघं माझ्या घरी पोचेपर्यंत नागपूरवाल्यानं दुसरीकडून माल उचललेला असायचा. असं त्या वर्षात दोनदा झालं होतं.

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण निराळं होतं.

भाव ठरवायची वेळ आली की हंबीरराव खांद्यावरचा टॉवेल काढायचे. लालासाहेब खुर्ची पुढं ओढायचे. टॉवेलाखाली दोघांचे हात एकमेकांत जायचे आणि वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा चालू राहायच्या. खाली बोटं दाबली जात, सोडली जात. मधेच कुणी रागानं हात मागं घेई, पुन्हा देई. दोघंही पोरवयापासून जनावरांच्या बाजारात हिंडलेले. बैलाचा भाव चारचौघांत तोंडानं काढला की तो बाजारभर होतो, म्हणून टॉवेलाखाली बोटांनी सांगायचा, ही तिथली रीत. ती रीत त्यांनी बेदाण्यालाही लावली होती. बाजारात ठीक आहे, पण माझ्या खोलीत आम्ही तिघंच असायचो. दोघांचे हात टॉवेलाखाली. मग टॉवेल कुणापासून लपवायला होता, याचा हिशेब करायला फार शिक्षण लागत नाही. ठरलं की हंबीरराव एका चिठोऱ्यावर आकडा लिहून माझ्याकडं सरकवायचे आणि म्हणायचे, "हे कळवा नागपूरला." मी कळवायचो.

मला का नाही? कागदावरचा माणूस म्हणून, की आणखी कशामुळं? हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता. स्वतःलाही फार मोठ्यानं विचारला नव्हता. पण पत्रक वाचताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. टेलिफोनवर टॉवेल टाकता येत नाही. तिथं भाव तोंडानंच काढावा लागणार, आणि तो माझ्याही कानावर पडणार.

"वेळेची फार बचत होईल," मी मायाला सांगितलं. माया माझी पत्नी. शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळं खोटं उत्तर तिला लांबूनच दिसतं.

"वाचलेल्या वेळेचं काय करणार आहात?" तिनं विचारलं आणि वह्या तपासायला घेतल्या.

आमच्या शेजारी धोंडिरामकाका राहतात. तार कचेरीत एकतीस वर्षं कट्टकडकट्ट करून निवृत्त झालेले. यंत्र हा शब्द त्यांना चार भिंतींपलीकडूनही ऐकू येतो. "जय भीम, महेंद्रा," म्हणत ते आत आले, पत्रक डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "माझ्याशिवाय काही घेऊ नको." मी त्यांच्याशिवाय काही घेतलं नाही. पुढं जे झालं त्यात माझ्याइतकाच त्यांचाही वाटा आहे, हे मी इथं नोंदवून ठेवतो.

यशराजनं पहिल्यांदा आम्हाला कॉम्प्युटर दाखवायला पोवई नाक्याजवळच्या एका क्लासात नेलं. कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेला जोडून पुण्याला लावायचा, तिथून तो जगाला लागतो, आणि मग पडद्यावर टाईप करून बोलायचं. तो लागताना आतून जी किंकाळी आली ती ऐकून क्लासातल्या दोन मुली बाहेर गेल्या. धोंडिरामकाकांनी मात्र डोळे मिटून ती ऐकून घेतली. "हात वाईट आहे," ते म्हणाले. "पलीकडं कोणीतरी शिकाऊ बसलाय." पाऊण तासानं पडद्यावर एका परदेशी गृहस्थांनी मला वय विचारलं, आणि मी बाई आहे की पुरुष तेही विचारलं. परक्या माणसाला उत्तर द्यायचं तर रीतसर द्यावं, म्हणून मी आधी तारीख टाकली, मग 'रिस्पेक्टेड सर' टाईप केलं, मग विषय लिहायला घेतला. विषय पुरा होईतो गृहस्थ निघून गेले होते. लोणंदला मी हे वर्णन करून सांगितलं तेव्हा लालासाहेब म्हणाले, "खरात, आवं मला सही कराया पाच मिन्टं लागत्यात. ह्या मशीनवर बोलाय बसलो तर दिवाळीचा माल शिमग्याला जाईल."

मग पेजर. यशराजनं दोन पेजर आठ दिवसांसाठी वापरून बघायला दिले, एक तासगावला, एक लोणंदला. कमरेला अडकवायची डबी. आपण निरोप सांगायचा, तो तिच्यावर अक्षरांत उमटतो. उलट बोलायची सोय नाही. नुसतं ऐकून घ्यायचं आणि उलट बोलायचं नाही, हे काम कचेरीत मी बावीस वर्षं बिनयंत्राचं करत आलो होतो, त्यामुळं मला ते सोपं वाटलं. तिसऱ्या दिवशी हंबीररावांच्या पत्नी चंद्राबाई यांचा फोन आला.

"भावजी, आवं ह्यांस्नी खाली उतरायला सांगा."

"कुठून?"

"शेडच्या पत्र्यावनं. खाली त्या डबीला काय घावत न्हाई म्हनून सकाळधरनं वर जाऊन बसल्यात. मानसं येऊन मला इचारत्यात, घरात भांडान झालं का म्हनून. मी काय सांगू?"

पेजर परत गेले.

फॅक्सवर माझी फार आशा होती, कारण त्यात पत्र असतं, आणि पत्र म्हणजे मी. तासगावच्या एका एस.टी.डी. बूथवर फॅक्स यंत्र होतं. मी सुंदर अक्षरात बैठकीचं विषयपत्र लिहून पाठवलं. बूथवाल्यानं ते शेडवर पोचवलं. हंबीररावांनी ते नीट जपून ठेवावं म्हणून उन्हातल्या बेदाण्याच्या जाळीवर ठेवून वर दगड ठेवला. त्या कागदाला ऊन सोसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं आणि त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. दुपारी त्यांचा फोन आला. "खरात, तुमचं पत्र करपलं." मी म्हणालो, करपलं म्हणजे? ते म्हणाले, "काळं ठिक्कर पडलंय. बेदाना बरा हाय. पत्रच तेवढं जादा वाळलं."

शेवटी उरलं ते पत्रकातलं शेवटचं पान: टेलिफोनवरच तिघांची एकत्र बैठक. गावातलं एक्स्चेंज नवीन झालेलं होतं. अर्ज केला की ही सोय मिळत होती. नवा बटणांचा टेलिफोन घ्यायचा, एक नंबर लावायचा, त्याला थांबवून दुसरा लावायचा, आणि मग एक बटण दाबून दोघांना एकत्र करायचं. यशराजनं वर एक बोलका खोका देऊ केला, म्हणजे रिसीव्हर कानाला न लावता साऱ्या खोलीला ऐकू जावं. धोंडिरामकाकांनी खोका हलवून पाहिला, वास घेतला आणि होकार दिला.

अर्ज द्यायला मी संबंधित कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी तो दोनदा वाचला. कंपनीच्या नावानं सोय हवी असेल तर तिन्ही भागीदारांच्या सह्या लागतील, आणि त्या समक्ष.

"समक्ष म्हणजे?"

"तिघांनी एका वेळी इथं यायचं."

मी त्यांना समजावून सांगितलं की तिघांना एका वेळी एका ठिकाणी येता येत नाही, म्हणून तर हा अर्ज आहे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तसं अर्जात लिहा. तिघांच्या सह्यांनी."

तिघं आलो. पुढच्या बुधवारी हंबीरराव आणि लालासाहेब दोघंही साताऱ्यात आले आणि आम्ही त्या खिडकीपुढं उभे राहून सह्या केल्या. मग शिक्का मारायला मला दुसऱ्या खिडकीत पाठवलं, तिथून पावतीसाठी तिसऱ्या. परत आलो तर दोघं भिंतीजवळच्या बाकावर बसलेले, आणि मध्ये टॉवेल. मला पाहून लालासाहेबांनी हात काढून घेतला. हंबीररावांनी खिशातून चिठोरं काढलं. "म्हटलं, आलोच हाय तर गणपतीच्या मालाचं उरकून घ्यावं," ते म्हणाले. मी पावती घडी घालून खिशात ठेवली आणि चिठोरंही ठेवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मायानं ताट उचलताना एवढंच विचारलं, "तुम्हाला बैठक हवीये, की भाव ऐकायचाय?" मी म्हणालो, डोकं दुखतंय.

सोय सुरू झाली ती सप्टेंबरात. दिवाळीच्या मालासाठी नागपूरवाल्याचा निरोप आला: मंगळवारी बारा वाजेपर्यंत भाव कळवा, नाहीतर या वेळीही दुसरीकडून घेतो. मी त्याच मंगळवारी सकाळी अकराची बैठक ठेवली. विषयपत्र काढलं. त्यात स्वागत, मालाची स्थिती, भाव आणि आभार असे चार विषय होते. खोका टेबलावर मधोमध ठेवला. माया शाळेत गेली होती. धोंडिरामकाका इस्त्रीचा शर्ट घालून, कागद-पेन्सिल घेऊन खोक्यासमोर बसले.

अकरा वाजता मी तासगाव लावलं. चंद्राबाईंनी उचललं, मायाची चौकशी केली, माझ्या पित्ताची केली, आणि मग यजमानांना हाक मारली. हंबीररावांना थांबवून मी लोणंद लावलं. लोणंद लागलं तेव्हा तासगाव सुटलं. तासगाव परत लावलं तेव्हा लोणंद सुटलं. तिसऱ्या वेळी धोंडिरामकाका म्हणाले, "बटण दाबताना श्वास धर." मी श्वास धरून बटण दाबलं आणि दोघं एकदम खोक्यात आले.

"कोन, लालासाहेब?"

"हंबीरराव! आरं तिच्या, लय जवळनं बोलतुयास गड्या! पाठीमागं हायस का काय?"

"मी हितं तासगावात! तू कुटं हायस?"

"मी लोणंदात!"

आपण कुठं आहोत हे एकमेकांना पटवून देण्यात दहा मिनिटं गेली. मग एका खिलारी बैलाचा विषय निघाला; तो बैल वारून अकरा वर्षं झाली होती. विषयपत्रात बैल नव्हता, पण तो मी स्वागतात धरला. साडेअकरा झाले तेव्हा मी घसा खाकरून म्हणालो, "विषय क्रमांक तीन. भाव."

खोका गप्प झाला.

मी थोडा वेळ वाट पाहिली. लाईन तुटली असं वाटून मी हॅलो म्हणालो.

"हाय की," हंबीरराव म्हणाले.

"हाय," लालासाहेब म्हणाले.

"मग बोला. भाव."

"बोलायचा?" हंबीररावांनी विचारलं. "म्हंजी, तोंडानं?"

"टेलिफोनवर आणखी कशानं बोलणार?"

मग लालासाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "खरात, आवं ह्यो भाव हाय. असा उगड्यावर कसा काडायचा? हिकडं दारात चार मानसं बसल्यात."

"हितं ही हाय, गडी हायत," हंबीरराव म्हणाले. "आन् मदल्या तारंवर कोन कोन बसलंय कुनाला ठावं. चाळीस वरसं झाली, म्या तोंडानं भाव काडला न्हाई. बैल इकला, शेरडं इकली, पर तोंडानं न्हाई."

मी घड्याळाकडं पाहिलं. अकरा चाळीस. एवढी चार महिन्यांची खटपट, तीन यंत्रं, सह्या, शिक्के, आणि ज्या आकड्यासाठी मी हे सगळं केलं तो त्यांच्या ओठाशी येऊन बसला होता. माझा आवाज चढला. मी म्हणालो, "अहो, आपण तिघं भागीदार आहोत. माझ्यासमोर बोलायला हरकत काय आहे?"

"तुमच्यासमूर हरकत न्हाई वो," हंबीरराव कळवळून म्हणाले. "तोंडाचीच हरकत हाय."

इथं धोंडिरामकाकांना तोडगा सुचला. "ठोके," ते म्हणाले. "रिसीव्हरवर बोटानं ठोके मारा. एक ठोका म्हणजे एक. शब्द नाही, काही नाही." दोघांनाही हे पटलं. हंबीररावांच्या बोटात अंगठी आहे. त्यांनी ठोकायला सुरुवात केली. पण भाव काढताना त्यांना सवय बोटं दाबायची, सोडायची, मध्ये विचार करायची. तेच ते ठोक्यांत करायला लागले. तीन भराभर, एक सावकाश, मग विचार, मग दोन. मी चौदा मोजले. लालासाहेबांनी पंधरा मोजले आणि उलट ठोके मारायला सुरुवात केली. मग दोघं एकदम ठोकू लागले. खोक्यातून गारपिटीसारखा आवाज यायला लागला आणि मला काही म्हणता काही कळेना.

धोंडिरामकाकांना मात्र कळत होतं, आणि घोटाळा तिथंच झाला. एकतीस वर्षं ज्या माणसानं ठोक्यांतून फक्त अक्षरं ऐकली, तो ठोके मोजत बसणार नाही. त्यांची पेन्सिल आपोआप चालू झाली. चेहरा पांढरा पडत गेला.

"महेंद्रा," ते म्हणाले, "सीरियस आहे."

"कोण?"

"नाव कळलं नाही. सीरियस, स्टार्ट इमिजिएटली." आणि तार आली की ती पोचवायची, या सवयीनं ते खोक्यावर वाकून जिवाच्या आकांतानं ओरडले, "हॅलो! प्रकृती गंभीर! ताबडतोब निघा!"

ठोके थांबले. "आं? खरातांच्या घरात कोन?" असं लालासाहेबांचं अर्धं वाक्य आलं. समजूत घालायला मी घाईनं खोक्याकडं झेपावलो, माझं मनगट कोणत्यातरी बटणावर पडलं आणि तिन्ही गावं एकमेकांपासून सुटली.

मी तासगाव लावलं. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. लोणंद लावलं. तिथं एक माणूस म्हणाला, लालासाहेब आत्ताच धावत स्टँडवर गेले. मी खुर्चीत बसलो. बारा वाजले आणि टेलिफोन वाजला. नागपूर.

त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं हे विचारू नका. सांगण्यासारखं काही चाललेलं नव्हतं. पलीकडून आवाज आला, "हां खरातजी, भाव?" भागीदारांना विचारून सांगतो, हे वाक्य माझ्या तोंडात होतं. पण विचारायचं कुणाला? दोघंही माझ्या घरी शोक करायला निघाले होते. वर्षभर मी त्यांची चिठोरी वाचत आलो होतो. कोणत्या महिन्यात आकडा किती चढतो, कुठल्या प्रतीला किती, हे माझ्या डोक्यात आपसूक बसलं होतं. मी डोळे मिटले आणि एक आकडा बोललो.

मग आवाज आला, "ठीक है. निम्मा माल भेजिए. बाकीच्या निम्म्याचा भाव उद्या सकाळी नऊला सांगा."

धोंडिरामकाका, मी आणि खोका, असे तिघं बराच वेळ बसून राहिलो. भागीदारांना न विचारता मी त्यांचा माल विकला होता. ज्यांनी मला टॉवेलाजवळ येऊ दिलं नाही, ते आता दारातही येऊ देतील की नाही, असं मनात येत होतं.

चार वाजता दाराशी भाड्याची जीप थांबली. हंबीरराव उतरले आणि मागून चंद्राबाई पदर तोंडाला लावून रडत उतरल्या. लालासाहेब त्यांच्या आधीच येऊन, शहाळी घेऊन, धीर होईना म्हणून कोपऱ्यावर उभे होते, तेही आले. नेमकी त्याच वेळी माया शाळेतून आली. चंद्राबाईंनी तिला पाहिलं, किंचाळून मिठी मारली आणि म्हणाल्या, "अगं बया, तू हायस व्हय! मग गेलं कोन?" धोंडिरामकाका त्या वेळी आपल्या घराची आतून कडी लावत होते.

कोणी गेलेलं नाही हे सर्वांना पटेपर्यंत एक शहाळं संपलं. मग हंबीरराव म्हणाले, "मग नागपूरचं काय झालं?"

मी उभा राहिलो आणि सांगितलं की बाराला फोन आला, मी भाव सांगितला आणि निम्मा माल गेला. चूक झाली असेल तर माझा भाग मी सोडतो, असंही म्हणालो. हे मी पाठ केलं होतं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "किती सांगितला?" लालासाहेबांनी विचारलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात हंबीररावांनी हात वर केला.

"तोंडानं न्हाई," ते म्हणाले. खांद्यावरचा टॉवेल काढला, मांडीवर पसरला आणि त्याखालचा हात माझ्याकडं केला. "द्या हिकडं."

मी तसाच उभा. म्हणालो, "मला? इतके दिवस तर कधी..."

"तुमी कवा हात फुडं केलासा?" हंबीरराव म्हणाले. "आमाला वाटायचं, शिकल्यालं मानूस, त्येला ह्ये असलं बाजारी काम रुचत नसंल. टावेल काडला की तुमी खिडकीतनं भायर बगाय लागायचासा."

ते खरं होतं. मी खिडकीतून बाहेर बघायचो. कुणी आपल्याला वगळायच्या आत आपण बाहेर बघत असलेलं बरं.

मी हात टॉवेलाखाली घातला. माझे आजोबा माण तालुक्यात अशाच जनावरांच्या बाजारात जायचे. त्यांचा भाव टॉवेलाखाली ठरत नसे. त्यांच्या हातात हात कोण देणार? घेणारा चार हात लांब उभा राहून काठीनं मातीत रेघा ओढायचा आणि आजोबा त्या मोजायचे. हे वडिलांनी मला एकदाच सांगितलं होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. हंबीररावांचा हात खरबरीत आणि गरम होता. त्यांनी माझी बोटं घट्ट धरली आणि वाट पाहत राहिले. मला तेव्हा रडू येत होतं, हे मी सरळ कबूल करतो. मला जमेल तशी मी बोटं दाबली, आधी इतकी, मग तितकी. हंबीररावांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दुसरा हात त्यांनी लालासाहेबांना दिला. लालासाहेबांचाही चेहरा हलला नाही. जरा वेळानं लालासाहेब म्हणाले, "पाऊस बरा झाला न्हाई का यंदा?"

"बरा झाला," हंबीरराव म्हणाले.

एवढीच माझ्या कारभारावरची चर्चा. मग दोघांचं टॉवेलाखाली बराच वेळ चाललं, आणि शेवटी हंबीररावांनी पुन्हा माझा हात घेतला. दोन बोटं दाबली, मग अंगठा, मग तळव्यावर नखानं काहीतरी केलं, मग मूठ आवळून क्षणभर तशीच धरून ठेवली. "उरल्याल्या मालाचा. कसं वाटतंय?" त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून विचारलं. लालासाहेबही माझ्याकडं बघत होते. दोघं खरोखर माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

मी विचार केल्यासारखं केलं आणि मान हलवली.

"ठरलं मग," हंबीरराव म्हणाले. "सकाळी नागपूरला कळवा." चिठोरं त्यांनी काढलं नाही. आता कशाला काढतील? चहा झाला, चंद्राबाईंनी मायाला पुन्हा एकदा हात लावून पाहिलं, आणि जीप लालासाहेबांना स्टँडवर सोडायला निघून गेली.

माया कपबशा गोळा करत होती. "मग? किती ठरला?" तिनं विचारलं.

"तोंडानं सांगायची गोष्ट नाही ती," मी म्हणालो.

तिनं कपबशा खाली ठेवल्या. "म्हणजे तुम्हाला कळलेला नाही."

समोर टेलिफोन होता. उचलून तासगावला विचारायचं म्हटलं तर हंबीरराव तो तोंडानं सांगणार नाहीत, आणि ज्या हातानं आज पहिल्यांदा भाव सांगितला त्याला काही समजलंच नाही, हे मी तोंडानं सांगणार नाही. माया माझ्या शेजारी येऊन बसली. खुर्चीच्या पाठीवरचा पंचा घेतला, मांडीवर टाकला आणि त्याखालून हात पुढं केला. "जसं त्यांनी दाबलं तसंच दाबा. मी गणित शिकवते."

मी आठवून आठवून दाबलं. दोन बोटं, मग अंगठा, मग तळव्यावर नख, मग मूठ. तिनं डोळे मिटून घेतले होते. बराच वेळ झाला तरी तिनं हात सोडला नाही.

"किती?" मी विचारलं.

"काही कळलं नाही," माया म्हणाली. "पण याला नाही म्हणता येत नाही."